ताकायामाची कचेरी

जपानमधल्या ताकायामा स्टेशनातून बाहेर पडून दहाएक मिनिटं चाललं की एक जुनी सरकारी कचेरी लागते. १९६९पर्यंत ती खरोखरच कचेरी होती. म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्या वर्षापर्यंत इथे कारकून यायचे, जमिनीवर चालणाऱ्या माणसांच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर सरकवायचे. त्याआधी ती मेइजी सरकारची कचेरी होती. आणि त्याच्याही आधी, १६९२ ते १८६८, तोकुगावा शोगुनांची. शोगुन म्हणजे एदोत, आजच्या तोक्योत, बसून देश चालवणारे लष्करी शासक. त्यांची सत्ता गेली, पोशाख बदलले, दस्तऐवजांवरचे शिक्के बदलले. काम त्याच आवारात चालू राहिलं.

शोगुनशाहीच्या अखेरीला देशभर अशा साठेक कचेऱ्या होत्या. मुख्य इमारती शिल्लक असलेली ही एकच. एरवी आपण जपतो ते किल्ले, देवळं, वाडे. कचेरी कोण जपतं?

हिचं नाव 'ताकायामा जिन्या'. 'जिन' म्हणजे छावणी आणि 'या' म्हणजे घर. मी अण्णांना सांगितलं, "रविवारी आपण जिन्या बघायला जाऊ." ते म्हणाले, "कुठल्या इमारतीच्या जिन्यात नेतोस? माझे गुडघे बघ आधी."

अण्णा म्हणजे माझे वडील. बत्तीस वर्षं तहसील कचेरीत काढून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मी नागोयात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि ते तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे आले होते. आल्यापासून मी त्यांना एक किल्ला, दोन देवळं आणि एक मत्स्यालय दाखवून झालं होतं. सगळ्याला त्यांचा एकच शेरा, "छान आहे." किल्ल्याच्या वेळी वर, "किल्ले आपल्याकडे काय कमी आहेत?" म्हटलं, या माणसाला कचेरी दाखवावी.

नागोयाहून 'हिदा' एक्स्प्रेसने जवळपास अडीच तास लागतात. ही गाडी सुटते तेव्हा सीटांची तोंडं मागे असतात. गिफूला दिशा बदलते आणि मग आपण सरळ बसतो. अण्णा अस्वस्थ होते. गिफूला गाडी फिरल्यावर म्हणाले, "हां, आता टपाल योग्य टेबलावर गेलं." पुढे नदीकाठची दरी लागते. नोव्हेंबर संपत आला होता, डोंगर तांबडे-पिवळे दिसत होते. भाताची खाचरं मात्र मधूनमधून, रुमालाएवढी.

या रुमालांमुळेच पुढची गोष्ट घडली.

हिदा हा मुलूख पहिल्यापासून तांदळात गरीब आणि लाकडात श्रीमंत. आठव्या शतकातल्या जपानी कायद्यात हिदाच्या लोकांना काही करांतून सूट होती. त्या बदल्यात त्यांनी राजधानीला सुतार पाठवायचे. कर म्हणून माणसांच्या हातातलं कसब. पुढे इथे कानामोरी घराण्याने शंभराहून जास्त वर्षं राज्य केलं. १६९२मध्ये शोगुनने त्यांना उचलून दूर उत्तरेला बदली दिली आणि हिदा थेट आपल्या ताब्यात घेतला. इथलं इमारती लाकूड आणि खाणी यांवर एदोचा डोळा होता, असं मानतात. तेव्हापासून एदोहून अधिकारी येऊ लागले. आधी त्यांना दाइकान म्हणत, पुढे दर्जा वाढून गुंदाई. १७७ वर्षांत २५ जण आले आणि गेले.

"म्हणजे साहेब बाहेरचा," अण्णा म्हणाले. "आणि खालचे?"

खालचे बरेचसे इथलेच. जुन्या घराण्याच्या चाकरीतले कित्येक जण नव्या राजवटीत स्थानिक कर्मचारी झाले आणि जंगलं, खाणी, नाकी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत राहिले. हे ऐकून अण्णांच्या चेहऱ्यावर जपानात आल्यापासून पहिल्यांदा ओळखीचं हसू आलं. "बरोबर आहे. साहेब तीन वर्षांनी जातो. कचेरी कारकूनच चालवतो."

दारात बूट काढायचे आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते हातात घेऊन आत फिरायचं. सगळ्यांनीच. पुढे एक जर्मन जोडपं होतं, मागे शाळकरी पोरांचा घोळका, सगळ्यांच्या हातात आपापल्या बुटांची पिशवी. अण्णा पिशवीकडे बघत म्हणाले, "तुझे आजोबा कचेरीत आले की चपला बाहेर काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं. बोर्ड नव्हता. मी आत नोकरीला लागल्यावरसुद्धा काढायचे. मी म्हणायचो, दादा, घाला हो. तर म्हणायचे, राहू दे, फरशी स्वच्छ आहे." थोडं थांबून म्हणाले, "फरशी काही स्वच्छ नसायची."

समोरचं मोठं प्रवेशदालन १८१६मधलं आहे. भिंतीवर निळ्या लाटांची नक्षी, एकात एक गुंफलेली अर्धवर्तुळं. हे दार गुंदाईसाठी आणि शोगुनकडून येणाऱ्या मानकऱ्यांसाठी. बाकीच्यांनी आपापल्या लायकीच्या दाराने यायचं. लाकडातले खिळे झाकायला सशाच्या आकाराची झाकणं बसवली आहेत, समोरून बघणारा ससा, कान उभे. आमच्या गटाला माहिती सांगणारे गाइड आजोबा म्हणाले, सशाचे कान लांब असतात, रयतेचं म्हणणं नीट ऐकावं म्हणून ही खूण, असं सांगतात. मी भाषांतर केलं. अण्णा वाकून बराच वेळ बघत राहिले. मग मराठीत म्हणाले, "खिळा झाकायला कान. वा!"

आत खोल्यांमागून खोल्या. सगळीकडे तातामी, म्हणजे गवताच्या जाड चटया. पहिल्या दोन-तीन खोल्यांत सगळ्या सारख्याच वाटतात. गाइड आजोबांनी खाली बघायला सांगितलं तेव्हा फरक दिसला. वरच्या अधिकाऱ्यांच्या खोलीतल्या चटयांना कापडी काठ. खालच्यांच्या चटयांना काठच नाही. भिंतीवर पाटी नाही, मध्ये कठडा नाही, तरी कोणी कुठवर यायचं हे पायाखालीच लिहिलेलं.

मी पोटापाण्यासाठी हेच करतो. कुठल्या वापरकर्त्याला कुठला स्क्रीन दिसावा, कुठलं बटण राखाडी असावं, कुठलं दिसूच नये, याचे तक्ते लिहितो. आम्ही त्याला 'रोल' आणि 'परमिशन' म्हणतो. ज्याला परवानगी नाही त्याला 'नाही' असं कुणी म्हणत नाही, त्याच्यासाठी ते बटण जगातच नसतं. इथल्या सुतारांनी तेच काम गवत आणि कापडात केलं होतं, आणि त्यांचं काम दोनशे वर्षांनीही वाचता येतं. माझं पुढच्या अपडेटपर्यंत तरी टिकेल का, शंका आहे.

अण्णांना मात्र काठांपेक्षा दुसरंच काही हवं होतं. ते प्रत्येक खोलीत विचारत होते, "कागद कुठे ठेवायचे? आवक-जावक कोण लिहायचं?" बुटक्या लिहायच्या मेजांपाशी ते थबकले. शाईचा दगड, कुंचला, शेजारी बसायची जागा. एका दालनात जुने नकाशे आणि वह्या काचेमागे ठेवल्या होत्या. अण्णांना एक अक्षर वाचता येत नव्हतं, पण बोट न लावता ते ओळींवरून हात फिरवत गेले. "हे गावाचं नाव असणार. हे क्षेत्र. हा आकार. बघ, खाली बेरीज." गाइड आजोबांना मी विचारलं. ते म्हणाले, हो, साधारण तसंच.

मग ओशिरासु आलं.

ओशिरासु म्हणजे चौकशीची जागा. शब्दाचा अर्थ पांढरी वाळू. इथे मात्र वाळू नाही, दगडगोटे पसरलेले आहेत. वर, लाकडी जमिनीवर, अधिकारी बसायचा. खाली गोट्यांवर आरोपी. इथे अशा दोन जागा आहेत, एक दिवाणी कज्ज्यांसाठी, एक फौजदारीसाठी. फौजदारीच्या बाजूला कबुली काढायची साधनं मांडून ठेवली आहेत. त्रिकोणी धारांच्या लाकडी पट्ट्या, त्यांवर गुडघे टेकून बसवायचं. मांडीवर ठेवायच्या दगडी लाद्या. आरोपीला न्यायचा पिंजरा. शाळकरी पोरं एकदम गप्प झाली. एकाने पट्टीच्या धारेकडे बघून स्वतःची नडगी चोळली.

इथपर्यंत सगळं सुंदर होतं. बाग सुंदर, लाकूड सुंदर, दिवाणखान्यातून दिसणारा उजेड सुंदर. ही जागा त्या सगळ्याच्या मधोमध आहे. तिला वळसा घालून पुढे जाता येत नाही.

गाइड आजोबांनी इथेच ओहारा प्रकरणाची गोष्ट सांगितली. ओहारा हिकोशिरो नावाचा दाइकान इथे होता. १७७१मध्ये पहिला भडका उडाला. लाकूडतोड थांबवली गेली होती, डोंगरातल्या गावांची मजुरी बुडाली होती, त्यात वरून नव्या वसुल्या. मग १७७३मध्ये त्याने जमिनीची नवी मोजणी काढली. आधी म्हणाला, फक्त नव्याने लागवडीखाली आलेली शेतं मोजू. मग काठी जुन्या शेतांतही शिरली. मोजणीअंती हिदाचं कागदावरचं उत्पन्न साधारण ४४ हजार कोकुवरून ५५ हजार कोकुवर गेलं. एक कोकु म्हणजे अंदाजे दीडशे किलो तांदूळ, एका माणसाच्या वर्षभराच्या पोटाचा हिशेब. डोंगर तेच, खाचरं तीच, आणि कागदावर अकरा हजार माणसांचं जेवण जास्त उगवलं.

शेतकऱ्यांनी अर्ज केले. काही जण एदोपर्यंत चालत गेले आणि एका बड्या मंत्र्याच्या पालखीपुढे अर्ज धरला. असा पायऱ्या ओलांडून अर्ज करणं हाच गुन्हा होता, त्यांना प्राण द्यावे लागले. इकडे हजारो लोक एका देवस्थानात जमले. दाइकानने शेजारच्या संस्थानांतून सैन्य मागवलं. मग शिक्षा सुरू झाल्या. पुढाऱ्यांत होन्गो गावचा झेनकुरो नावाचा पोरगा होता. जपानी मोजणीने वय अठरा. त्याचा शिरच्छेद झाला. जाण्याआधी बायकोला लिहिलेलं त्याचं पत्र आजही हिदात लोकांना माहीत आहे.

आणि हिकोशिरो? १७७७मध्ये त्याला बढती मिळाली. ताकायामाच्या अधिकाऱ्याला गुंदाई म्हणायला लागले ते तेव्हापासून. दोन वर्षांनी तो वारला. त्याच्या मागून मुलगा त्याच खुर्चीत आला आणि बापाच्या वाटेनेच गेला. लोकांनी पुन्हा अर्ज केले, पुन्हा एदो गाठलं. या खेपेला ऐकलं गेलं. १७८९मध्ये मुलाला समुद्रातल्या हाचिजो बेटावर हद्दपार केलं. पहिल्या भडक्यापासून अठरा वर्षं गेली होती. अर्ज केला तेव्हा झेनकुरोचं जेवढं वय होतं, जवळपास तेवढी.

मी भाषांतर संपवलं. अण्णा गोट्यांकडे बघत होते. म्हणाले, "मोजणी म्हणजे मोजणी नसते रे. आधी आकडा ठरतो, मग काठी निघते." पुढे काही बोलले नाहीत.

शेवटी कोठार. ही सगळ्या आवारातली सगळ्यात जुनी इमारत. डोंगरावरच्या किल्ल्यात होती, किल्ला पाडला तेव्हा १६९५मध्ये इथे आणून उभी केली. भिंती किंचित आत झुकलेल्या, आतल्या पोत्यांचा दाब पेलावा म्हणून. छपराला कौलं नाहीत, फाडलेल्या लाकडाच्या पट्ट्या आहेत. काही वर्षांनी त्या काढून उलटसुलट करून पुन्हा बसवतात, म्हणजे पट्टी सगळ्या बाजूंनी झिजेपर्यंत वापरात राहते. आत गवताच्या पेंढ्यांत बांधलेली तांदळाची पोती रचून ठेवली आहेत, कराचा तांदूळ कसा असायचा ते दाखवायला.

कोठारात उभं राहिलं की कचेरीचा अर्थ उलट बाजूने लागतो. दिवाणखाना, लाटांची नक्षी, काठांच्या चटया, ससे, गोटे, ते सगळं या अंधाऱ्या खोलीसाठी होतं. पोती इथवर यावीत म्हणून.

तिथे एक बाक होता. अण्णा बसले, गुडघे चोळायला लागले. मी बराच काळ मनात असलेला प्रश्न विचारला. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्या कचेरीत जायचो, तेव्हा टेबलासमोर माणसं उभी असलेलीच आठवतात. धोतरातली, टोपी हातात धरलेली. बसलेलं कुणी आठवत नाही. मोठा झाल्यावर या आठवणीचं काय करायचं ते मला कळत नसे. त्याच टेबलावरून आलेल्या पगारावर माझी इंजिनियरिंगची फी भरली होती.

"अण्णा, तुमच्या टेबलासमोर खुर्ची नव्हती का?"

"होती की. एक होती."

"मग?"

"तिच्यावर फायली असायच्या."

मी काही बोललो नाही. तेच पुढे म्हणाले, "पहिल्या दिवशीच सीनियरनी शिकवलं. खुर्ची मोकळी ठेवली की माणूस बसतो. बसला की बोलतो. बोलायला लागला की उठत नाही. मग तुझं टेबल कधी साफ होणार? दोनशे अर्ज, मी एकटा. पैसेवारीच्या दिवसांत तर विचारू नकोस. पीक किती आलं हे आम्ही लिहायचं, आणि किती लिहायचं ते वरून यायचं. समोर बसलेल्या माणसाला ते कसं सांगणार? उभ्या माणसाला सांगता येतं. उद्या या म्हटलं की जातो."

"आजोबा आले तरी?"

"दादा कधी बसायला आलेच नाहीत. दारातून बघायचे, डबा द्यायचे, जायचे." ते हातातल्या पिशवीतले बूट चाचपत होते. "एकदा एक म्हातारी आली होती, वारसाच्या नोंदीसाठी. तिने विचारलंच नाही. फायली उचलून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि बसली. पाऊण तास बोलली. मुलाचं, सुनेचं, विहिरीचं. सगळं ऐकलं तेव्हा कळलं की तिचा अर्जच चुकीचा लिहिलेला होता, कुणीतरी बाहेरच्याने पैसे घेऊन. मी नवा लिहून दिला. तिचं काम झालं. दुसऱ्या दिवशी फायली परत खुर्चीवर."

"का?"

"टेबलावर जागा नव्हती," अण्णा म्हणाले. आणि खरंच, यापेक्षा खरं उत्तर दुसरं असेल असं मला वाटत नाही.

त्या हिदातल्या बाकावर मला एक गोष्ट कळली. मी इतकी वर्षं ओशिरासु शोधत होतो, वर बसलेला आणि खाली बसवलेला, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतील अशी जागा. आमच्या तालुक्यात तसलं काही नव्हतं. पट्ट्या नव्हत्या, लाद्या नव्हत्या. फक्त एका खुर्चीवर फायली होत्या आणि कुणाच्या मनात काही वाईटही नव्हतं. हिकोशिरोसारखा माणूस कधीतरी बेटावर पाठवता येतो. फायलींना कुठे पाठवणार?

बाहेर आलो तर कचेरीच्या अंगणासमोर सकाळचा बाजार उठायच्या बेतात होता. आसपासच्या गावांतल्या बायका, बहुतेक साठी-सत्तरीच्या, भाजी, सफरचंदं आणि लाल सलगमाचं लोणचं घेऊन बसल्या होत्या. ज्या फाटकातून तांदूळ आत जायचा, त्याच्याच तोंडाशी आज माल विकला जातो आणि पैसे त्यांच्या डब्यात पडतात. अण्णांनी लोणचं चाखून मान डोलावली. मग काठीला टोचून भाजलेले तांदळाचे गोळे घेतले, सोया सॉसमध्ये बुडवलेले. इथले गोड नसतात, खारट असतात. अण्णांनी दोन संपवले आणि पहिल्यांदाच 'छान आहे'च्या पलीकडे गेले. "हे आपल्याकडे चालेल."

परतीच्या गाडीत अंधार लवकर पडला. नदी दिसेनाशी झाली, काचेत आम्ही दोघेच दिसायला लागलो. मी विचारलं, "तुमची कचेरी पाडून नवी प्रशासकीय इमारत झाली ना? समजा जुनी ठेवली असती, अशीच, तिकीट लावून, तर तुम्ही काय दाखवलं असतं?"

वाटलं, रेकॉर्ड रूम म्हणतील. लाल कापडातले बस्ते, ब्रिटिशांच्या काळातले नकाशे. त्यांचा फार जीव होता त्यांच्यावर.

ते बराच वेळ काचेकडे बघत राहिले.

"ती खुर्ची," अण्णा म्हणाले. "फायलींसकट."